रविवारी काळ्या दारूवर (जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूवर) चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरांची साफसफाई

सभासद मित्रहो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपल्या नेहमीच्या खोलीत सगळ्यांनी आपापली रिव्हॉल्व्हर घेऊन जमायचे आहे.

- बंदुकीची दारू आणि टोप्या (दारू पेटवणाऱ्या छोट्या धातूच्या टोप्या) आणू नयेत. सिलिंडरचे सर्व कप्पे रिकामे असल्याची खात्री घरीच करा. दारात पुन्हा तपासणी होईल, त्याला अपवाद नाही.
- निपल (ज्यावर टोपी बसते तो छोटा भाग) काढायचा पाना, नळीचा ब्रश, सुती चिंध्या आणि तेल सोबत असावे. गरम पाणी व साबण इथे मिळेल.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे एका रात्रीतही नळीत गंज धरतो. मागच्या वेळी एक सुंदर नळी अशीच खड्डे पडलेली पाहिली, फार वाईट वाटले. म्हणून आधी धुणे, मग पूर्ण कोरडे करणे, शेवटी तेल. निपलांचे आटे विसरू नका.

१८५१ चे कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर असणाऱ्यांनी पाचर (नळी जागेवर धरून ठेवणारी पट्टी) हातोडीने ठोकू नये. लाकडी किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्याने हळूच सरकवावी. रेमिंग्टनच्या रिव्हॉल्व्हरला पाचर नसते, सिलिंडरचा दांडा पुढे ओढला की काम होते.

दारू ठेवायच्या जुन्या पितळी कुप्या जरूर आणा, पण रिकाम्या. त्यांचा जुना रंग घासून चकचकीत करू नका, ही कळकळीची विनंती.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत चिटणीसांना कळवावे.