फिल्म की डिजिटल? आधी स्कॅन तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवार पुरवणीत फोटोग्राफीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रयोगांवर लेख आला आहे. एकच दृश्य डिजिटल कॅमेऱ्याने आणि फिल्मवर टिपून शेजारी ठेवायचे, ही कल्पना उत्तम. मात्र ‘फिल्म चुका पोटात घालते, डिजिटल घालत नाही’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच खरा आहे. फोटोंखाली आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), ॲपर्चर (लेन्सचे छिद्र), शटर (ते किती वेळ उघडे राहिले) छापले आहे. निगेटिव्ह स्कॅन कशी केली, हे कुठेच नाही. खरी मेख तिथेच आहे.

ऑटोवर चालणारा स्कॅनर प्रत्येक फ्रेम वेगळी मोजतो आणि उजेड, कॉन्ट्रास्ट आपल्या हिशेबाने सावरून घेतो. एकेक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी-जास्त करत मुद्दाम घेतलेली मालिका त्यातून बाहेर पडते ती जवळपास एकसारखी होऊन. विद्यार्थ्याला वाटते फिल्मने सांभाळले. प्रत्यक्षात बरेचसे स्कॅनरने सांभाळलेले असते. म्हणून निगेटिव्ह आधी लाइट पॅनेलवर (खालून उजेड देणाऱ्या सपाट पाटीवर) ठेवून भिंगातून पाहावी. सावलीच्या भागात पुसटसा करडा तपशील दिसला तर तो फोटोत आणता येतो. तो भाग दोन फ्रेममधल्या मोकळ्या पट्टीइतका स्वच्छ असेल, तर तिथे काहीच नोंदलेले नाही आणि ते कोणीही आणून देणार नाही.

यातच दोन्ही माध्यमांचा मूळ फरक आहे. सेन्सरचा पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की पुढचा उजेड मोजलाच जात नाही. ढग जळाले की जळाले. निगेटिव्ह फिल्म उजेड वाढेल तशी हळूहळू दाट होत जाते, त्यामुळे दोन स्टॉप जास्त झाले तरी सहसा निभावते. कमी एक्स्पोजर (मिळालेला उजेड) मात्र तिला अजिबात सोसत नाही; उलट रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) सावलीतून दोन स्टॉप उचलता येतात, फक्त नॉइज (दाणेदार खरखर) वाढतो. तेव्हा डिजिटलवर मीटरिंग (उजेडाचे मोजमाप) उजळ भागासाठी आणि निगेटिव्हवर सावलीसाठी करायचे. (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी स्लाइड फिल्म याबाबतीत डिजिटलसारखीच वागते, जास्त एक्स्पोजर तिला सोसत नाही.)

तुलना नीट करायची तर कॅमेरा ट्रायपॉडवर हवा, मोड मॅन्युअल हवा आणि दृश्यात एका कडेला ग्रे कार्ड (तुलनेसाठीचे ठरावीक करडे कार्ड) हवे. जुनी लेन्स ॲडॉप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर बसत असेल तर दोन्हीकडे तीच वापरावी. पण एपीएस-सी सेन्सरवर (35 मिमी फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) 50 मिमीची लेन्स 35 मिमी फिल्मच्या मानाने साधारण 75 मिमीइतके आवळलेले दृश्य देते, हे धरून चालावे. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याच्या 1/1000 सेकंदाच्या शटरवेगावर भरवसा ठेवू नये. तो वेग बरेचदा मंदावलेला असतो. मूळ एक्स्पोजर 1/60 वर धरलेले बरे. डिजिटलवर रॉ हवे आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ऑटोऐवजी 5500 केल्विनवर बांधलेला, कारण डेलाइट रंगीत फिल्म त्याच उजेडासाठी बनते. मग −3 पासून +3 स्टॉपपर्यंत सात फ्रेम, फक्त शटर बदलत. ॲपर्चर बदलले की डेप्थ ऑफ फील्डही (किती खोलीपर्यंत दृश्य स्पष्ट दिसते ते) बदलते आणि नेमका कशाचा परिणाम दिसतो आहे ते सांगता येत नाही.

लेखात 400 ची फिल्म 1600 वर ‘पुश’ केल्याने (कमी उजेडात टिपून जास्त वेळ धुतल्याने) तिची संवेदनशीलता वाढल्याचे म्हटले आहे. तसे होत नाही. इलफर्ड एचपी5 प्लस ही कृष्णधवल फिल्म आयडी-11 या डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) पाणी न मिसळलेल्या द्रावणात 20 अंशांवर 400 साठी साडेसात मिनिटे धुतात, 1600 साठी 14. या जादा वेळात मधले आणि उजळ भाग दाट होतात. जिथे उजेड पोचलाच नाही त्या सावल्या होत्या तशाच राहतात. पुश केलेल्या फोटोचा तो काळाकुट्ट, कडक नूर यातूनच येतो. कोणाला आवडतो, आवडू दे, पण त्याला वाढलेली संवेदनशीलता म्हणू नये.

रोल घरी धुणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर. हाच डेव्हलपर पाण्यात निम्मा करून 400 वर टिपलेल्या एचपी5 प्लसला 20 अंशांवर 13 मिनिटे लागतात आणि एकदा वापरून टाकून देता येतो. नवशिक्यांनी हेच करावे, म्हणजे जुन्या द्रावणाचा संशय उरत नाही. 35 मिमीच्या एका रोलला टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या उजेडबंद डब्यात) सुमारे 300 मिली लागते. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा करायचा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढेच. दर वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटावा, नाहीतर हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटतात आणि फोटोत काळे ठिपके येतात. टँक उगाच जोरजोरात घुसळला तर फिल्मच्या कडेच्या छिद्रांपासून पट्टे उमटतात. पाणी गरम असेल तर वेळ कमी होतो: 20 अंशांवर आठ मिनिटे लागत असतील तर 23 अंशांवर सहा. पण एकूण वेळ पाच मिनिटांच्या आत गेला की डेव्हलपिंग असमान होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यात द्रावण पातळ करून वेळ लांबवणे किंवा टँक थंड पाण्यात ठेवणे चांगले. आणि टँकमध्ये फिल्म गुंडाळायचे रील पूर्ण कोरडे हवे. ओलसर रीलवर फिल्म अडकते, जोर लावला की मुडपते आणि फ्रेमवर चंद्रकोरीसारख्या खुणा पडतात.

फिक्सर म्हणजे डेव्हलपरनंतर चित्र पक्के करणारे द्रावण. त्याचा वेळ ठरावीक आकड्यावरून धरू नये. फिल्मच्या टोकाचा तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यावा. ताज्या फिक्सरला लागला त्याच्या दुप्पट वेळ तुकड्याला लागू लागला की तो फिक्सर संपला. धुतलेली फिल्म दुधाळ दिसली तर घाबरायचे कारण नाही, ती परत ताज्या फिक्सरमध्ये घालता येते.

रोल कोरा निघाला तर दोष कोणाचा, हे फिल्मच्या कडेचे आकडे सांगतात. ते कारखान्यातच एक्स्पोज केलेले असतात. आकडे ठळक आणि फ्रेम कोऱ्या, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडले नाही. आकडेही गायब, म्हणजे डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला.

आता पुन्हा स्कॅन. डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर बाहेर द्यायची गरज नाही. आयएसओ 100, एफ/8, खाली चांगल्या प्रतीचे लाइट पॅनेल. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवून लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आणले की कॅमेरा समांतर झाला. फ्रेमभोवतीचा उघडा उजेड काळ्या कागदाने झाकावा, नाहीतर कॉन्ट्रास्ट मरतो. एक्स्पोजर दोन फ्रेममधल्या मोकळ्या पट्टीवर एकदाच ठरवायचे: ती पट्टी हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या टोकाजवळ यावी, पण टोकाला भिडू नये. मग तेच शटर सातही फ्रेमना, आणि निगेटिव्हचे पॉझिटिव्ह करताना उजेड-कॉन्ट्रास्टचा एकच कर्व्ह सगळ्यांना. आता मालिका जिना उतरल्यासारखी दिसेल आणि कोणत्या पायरीवर काय हरवले ते बोट ठेवून दाखवता येईल.

कृष्णधवलबद्दल एकच. फिल्मवर आकाश गडद करायला लाल फिल्टर लावतात आणि त्यासाठी साधारण तीन स्टॉप मोजतात. डिजिटलवर तो लावू नये. बहुतेक सेन्सरवर चारांतल्या एकाच पिक्सेलवर लाल चाळणी असते, बाकीचे जवळजवळ आंधळे होतात. फोटो रंगीत घ्यावा आणि कृष्णधवल करताना निळा चॅनेल खाली आणावा.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत न ओतता झाकणाच्या डब्यात साठवावा आणि चांदी वेगळी करणाऱ्याकडे द्यावा. डब्यावर नाव आणि तारीख जरूर लिहावी.

आपला,
डार्करूममध्ये काम करणारा एक वाचक