विणकामाला वीसपैकी किती?

रविवार, दुपार

प्रिय पक्या,

फोन करता आला असता. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "अरे सोड रे" म्हणतोस आणि विषय कलमांच्या मोहोरावर नेतोस. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू, गुडघा होता तसाच, हिला सर्दी. झालं.

आता ऐक. यंदाही एस.वाय.ला माझ्याकडे डिकन्सची फ्रेंच राज्यक्रांतीवरची 'अ टेल ऑफ टू सिटीज' आली. हो, तीच. जी तू परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडमधून वाचलीस आणि तरी माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडलेस. अंतर्गत मूल्यमापनाला वीस गुण. दरवर्षी "सिडनी कार्टनचे व्यक्तिचित्र रेखाटा" असं दिलं की सगळ्या वह्यांत एकच उतारा यायचा, स्पेलिंगच्या चुकांसकट. आता तो उतारा मोबाइल लिहून देतो, त्यामुळे चुकाही गेल्या आणि कुणी कुणाचं ढापलं ते कळायची सोयही गेली. म्हणून यंदा ठरवलं, लिहायचं नाही, करायचं. पाच गट पाडले आणि कादंबरीतली माणसं जे करतात ते एकेका गटाला करायला लावलं.

पहिल्या गटाला हप्ते. ही कादंबरी १८५९ साली डिकन्सच्या स्वतःच्या साप्ताहिकात आली होती, ३० एप्रिलपासून २६ नोव्हेंबरपर्यंत, ३१ हप्त्यांत. पोरांनी दर शनिवारी वर्गाच्या ग्रुपवर एकेक हप्ता मराठीत, दोन मिनिटांच्या आवाजात टाकायचा, आणि शेवटी असं तोडायचं की पुढच्या शनिवारपर्यंत बाकीच्यांचा जीव टांगणीला लागला पाहिजे. एक पोरगं तर असं तोडतं की मीच दोनदा पुस्तक उघडून पुढचं बघितलं. शिकवतो मी!

दुसऱ्या गटाला खटला. कादंबरीतल्या चार्ल्स डार्नेवर लंडनमध्ये फ्रान्सचा हेर म्हणून खटला, मग पॅरिसमध्ये उमरावाच्या घरातला म्हणून, आणि तिथून सुटला त्याच रात्री पुन्हा अटक. सगळा वर्ग ज्यूरी. पॅरिसच्या पहिल्या खटल्यात वर्गानं टाळ्या वाजवून त्याला सोडला. दुसऱ्या दिवशी, तीच पोरं, तशाच टाळ्या, आणि गिलोटिन. एकालाही कालच्या टाळ्या आठवेनात. पुस्तकातल्या पॅरिसकरांचंही नेमकं असंच होतं, पण ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर बाकांवर बघणं वेगळं.

तिसऱ्या गटानं मला हेडसमोर उभं केलं. पॅरिसच्या सेंट आंत्वान वस्तीत रस्त्यावर दारूचं पिंप फुटतं, लोक ओंजळीनं पितात आणि गास्पार नावाचा एक जण बोट बुडवून भिंतीवर 'रक्त' असं लिहितो, आठवतं? (नाही आठवत. गाइडमध्ये नव्हतं.) पोरांनी कॅंटीनचं कोकम सरबत व्हरांड्यात ओतलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. भिंत नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, नुकती रंगवलेली. हेड म्हणाले, "सर, राज्यक्रांती वर्गाच्या आत करा." शिपाईकाकांनी घासली, पण गुलाबी डाग अजून आहे. आम्ही त्याच्यावर एनएसएसचं पोस्टर लावलंय.

चौथ्या गटाला डॉ. मॅनेटचा मोच्याचा बाक. हा डॉक्टर तुरुंगात जोडे शिवायला शिकलेला. त्या गटात एक मुलगा आहे, घरात पिढ्यान् पिढ्या चपला करतात. तो घरची आरी घेऊन आला. म्हणाला, "सर, ह्यानं तुरुंगात स्वतःचं स्वतः शिकलंय ना? मग पहिली पाच वर्षं ह्याची शिलाई वाकडीच असणार. आणि अंधारात केली तर पुढं उजेडात जमणारच नाही." मग डॉक्टर सुटल्यावरही अंधाऱ्या माळ्यावर का बसून राहतो, हे मी इतकी वर्षं 'मानसिक आघात' वगैरे शब्दांत शिकवत आलो, ते त्यानं दोन वाक्यांत उरकलं. त्याला वीसपैकी वीस, विषय संपला.

आता पाचवा गट, आणि माझी झोप.

पाचव्या गटाला मादाम डिफार्जची, पॅरिसमधल्या दारूच्या गुत्त्याच्या मालकिणीची, नोंदवही. ज्यांचा पुढं हिशेब करायचाय त्यांची नावं ही बाई विणकामात विणून ठेवते, स्वतःच्या टाक्यांत, स्वतःच्या खुणांत. तिचा नवरा साथीदारांना सांगतो की एखाद्या भेकडाला स्वतःचा जीव देणं सोपं जाईल, पण तिच्या विणकामातून आपल्या नावाचं एक अक्षर पुसणं जमायचं नाही. मी सूचना दिली ती अशी: कादंबरीतलं एखादं पात्र घ्या, त्याची नोंदवही तुमच्या खुणांनी तयार करा, सोबत खुणांची किल्ली जोडा. कुणी मण्यांची माळ आणली, कुणी ठिपक्यांची रांगोळी. एका महाभागानं एक्सेलची फाइल आणली, त्यात एक रकाना लपवलेला.

आणि एक मुलगी आहे. मागच्या बाकावर, खिडकीशी. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकलेला. तिनं खरंच सुया आणि लोकर आणली. आजीकडून शिकली म्हणे. वर्गात विणायला मी परवानगी दिली, प्रकल्पच आहे. राखाडी मफलर, हळूहळू वाढणारा. मी गिलोटिनवर बोलतोय आणि मागून सुयांची टिकटिक येतेय. मला वाटलं, पक्या, काय वर्ग चाललाय माझा!

मग एक दिवस आमच्याकडचे एक महाशय प्रोजेक्टरची वायर मागायला वर्गात आले. नाव लिहीत नाही, तुझा पोस्टमन पत्रं वाचतो असं तूच म्हणतोस. आले, टेबलाला टेकून उगाच चार गोष्टी बोलले, मुलींच्या बाजूला बघून काहीतरी विनोद केला, कुणी हसलं नाही, गेले. तेवढ्या वेळात तिनं पिशवीतून लाल लोकर काढली आणि जोडली. मी पाहिलं. पुस्तकात हेर बारसाद दारूच्या गुत्त्यात येऊन गप्पा मारतो आणि मादाम डिफार्ज त्याच्या समोरच त्याचं नाव विणत बसते, तो प्रसंग आम्ही आदल्याच आठवड्यात वाचलेला. म्हटलं, अभिनय करतेय. चांगला करतेय.

तास संपल्यावर जाता जाता विचारलं, हसतच, "काय विणतेस?"

म्हणाली, "पुष्कळ काही, सर."

तुला हे कळणार नाही, गाइडवाल्या, म्हणून सांगतो. व्हर्सायच्या गर्दीत एक माणूस मादाम डिफार्जला हाच प्रश्न विचारतो. ती म्हणते, पुष्कळ काही. तो विचारतो, उदाहरणार्थ? ती शांतपणे सांगते, कफनं. आणि तो माणूस हळूच बाजूला सरकतो. पुढचा प्रश्न माझ्या तोंडावर होता. तिनंही थांबून माझ्याकडे पाहिलं, मी विचारतो का ते बघायला. मागे दाराशी पोरं उभी होती, पुढच्या तासाचे सर आत येत होते, आणि पन्नाशीच्या मास्तरनं एकट्या मुलीला थांबवून असं काही विचारायचं नसतं, हे मला ह्या नोकरीनं शिकवलंय. म्हटलं, "छान. किल्ली जोडायला विसरू नकोस."

तिनं मफलर दिला. किल्ली नाही. मी मागितली तर म्हणाली, "सर, किल्ली दिली तर ती नोंदवही कसली?" आता ह्यावर काय बोलणार? पुस्तकाप्रमाणे तिचंच बरोबर आहे.

घरी आणला. मला त्यात राखाडी मफलर दिसला. हिनं चष्मा लावला, दिव्याखाली धरला आणि दहा मिनिटं बोलली नाही. हिच्या माहेरी सगळ्या विणणाऱ्या, तुला माहीत आहे, तुझ्या लग्नातला तो भयंकर पोपटी स्वेटर तिकडचाच. म्हणाली, "उलट-सुलट टाके चुकलेत असं वाटतं ना, ते चुकलेले नाहीत. एकेक पट्टा मुद्दाम वेगळा आहे. प्रत्येक पट्टा एकेक माणूस असावा. आणि ही लाल ओळ ज्या पट्ट्यात आहे ना, तो पट्टा परत परत येतो." मग म्हणाली, "ही काही पुस्तकातली माणसं नाहीत हो."

मी विचारलं, "मी आहे का ह्यात?" तर तुझी वहिनी म्हणते, "तुम्हाला कुठल्याही यादीत आपलं नाव हवंच असतं." तुझंच वाक्य. तू तिला पढवून ठेवलंयस.

त्या मुलीची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी आमच्याच कॉलेजात होती. टी.वाय.ला मधेच सोडून गेली. लग्न ठरलं असं ऐकलं होतं. लग्न झालंच नाही, असं आता ऐकतोय. ह्यापलीकडे मला काही ठाऊक नाही आणि अंदाज मी कागदावर उतरवणार नाही. मुलींच्या छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या मॅडमकडे गेलो, आडून विचारलं. त्या भल्या आहेत, पण म्हणाल्या, "सर, लेखी तक्रार लागते. मफलर ही तक्रार होत नाही." लेखीच आहे हो मॅडम, फक्त वाचता येत नाही, असं ओठावर आलं होतं.

आता तू म्हणशील, मग पत्र मला कशाला? माहीत असून विचारू नकोस. आपण कॉलेजात असतानाची, मेसच्या फळ्यावरची यादी. बहिष्कार मोडून पेपरला बसलेल्यांची नावं, तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. आणि खाली आपल्या जाड्याचं. त्यावरून आपण दिवाळी ते होळी बोललो नाही, आपला दोस्त टोपी मधे बसून दोघांचे निरोप इकडून तिकडे करायचा आणि दोन्हीकडे चहा उकळायचा. तू तेव्हा म्हणाला होतास, "ह्यात एक तरी नाव खोटं आहे का, दाखव." मला दाखवता आलं नव्हतं. खोटं एकही नव्हतं. जाड्या पेपरला बसला होता. का बसला ते तुझ्या यादीत मावत नव्हतं, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते मला तेव्हा नीट बोलता आलं नाही.

तर परवा वर्गात एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मादाम डिफार्जनं खोटं नाव एकही विणलेलं नाही." अगदी तुझा आवाज. ह्यावेळी माझ्याकडे उत्तर होतं: डार्ने. त्यानं स्वतः काही केलं नाही, घराण्याचं नावसुद्धा टाकून दिलं, तरी विणला गेला. मुलगा बसला. म्हटलं, पक्याला कळवायला पाहिजे, तीस वर्षांनी का होईना, जिंकलो.

तेव्हा मागून ती बोलली. वर्षात पहिल्यांदा, आपणहून. "पण सर, तिच्या बहिणीचं काय झालं ते तिला कुणी विचारलं होतं का? आधी?"

नव्हतं विचारलं. मीच वर्गाला सांगितलंय की मादाम डिफार्जच्या बहिणीचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. डॉक्टरनं १७६७ च्या डिसेंबरात बास्तीलच्या कोठडीत काजळी, कोळसा आणि रक्त कालवून ती हकीकत लिहिलेला कागद चिमणीत दडवलेला असतो. तो बाहेर निघतो डार्नेच्या पॅरिसमधल्या दुसऱ्या खटल्यात, म्हणजे त्याचा उपयोग एकाची मान उडवण्यापलीकडे काही उरलेला नसतो तेव्हा. डार्नेच्या घराण्यातल्या ज्या दोघा भावांनी तिच्या बहिणीचा बळी घेतला ते तोवर मेलेले. डिकन्सला वाचकाला धक्का द्यायचा होता, म्हणून त्यानं कागद तोवर लपवला. कादंबरीकाराचं ठीक आहे. पण मी त्या दोन टाक्यांच्या मधे बसून राहिलोय आणि मला पानं उलटता येत नाहीत.

आणि तुला चिडवायला नव्हे, खरंच लिहितो: ह्यावेळी मी यादीच्या बाजूला आहे. ज्याला दुसरीकडे कुठंच बोलता येत नाही त्यानं नावं तरी ठेवावीत. तुझ्याकडे फळा होता, मेसभर पोरं होती, आवाज तर काय होताच. ह्या मुलीकडे दोन सुया आहेत. त्या मुलाला मी वर्गात जे उत्तर दिलं ते बरोबर होतं, आणि तरी तिला ते देण्याची माझी हिंमत नाही.

ठरवलं काय, तर हे: गुण पूर्ण द्यायचे. किल्लीशिवाय पूर्ण गुण का, असं हेड विचारतील, तर कादंबरीचं पान दाखवायचं. आणि मफलर परत करायच्या निमित्तानं मंगळवारी तिला स्टाफरूममध्ये बोलवायचं. मी, समितीच्या मॅडम, आणि ही. ही कॉलेजात यायला तयार आहे, म्हणते मी तिच्याशी टाक्यांवर बोलते, तुम्ही दोघं जरा गप्प बसा. मला हाच मार्ग बरा वाटतो. पण तुला विचारल्याशिवाय पाय उचलत नाही. तू यादी लिहिलीस त्याच्या आदल्या रात्री कुणी खोलीवर येऊन विचारलं असतं, की बाबा, काय झालंय, तर तू सांगितलं असतंस? की आणखी मोठ्या अक्षरात लिहिली असतीस? सरळ उत्तर दे. सोमवार रात्रीपर्यंत, दहाच्या आत, नंतर मला झोप येते. मेसेज चालेल, पण तो अंगठा पाठवू नकोस.

बाकी तुझं काय? व्हीआरएसचे पैसे आले का? धाकटीच्या व्हिसाचं बघ, उशीर करू नकोस. वहिनींना नमस्कार, त्यांनी पाठवलेलं आमसूल संपलं, कारण व्हरांड्यात ओतायला पोरांना कॅंटीनचं कमी पडलं तेव्हा घरचं नेलं. त्यांना सांगू नकोस. मोहोर कसा आहे? घे, विचारलं.

तुझा,
मास्तर

ता.क. जाड्याचा नंबर तुझ्याकडे आहे असं टोपी म्हणाला. आहे का? त्याच्या मुलाला आमच्याकडे प्रवेश हवाय, आणि ही गोष्ट तो तुला विचारतो, मला नाही. तुम्ही बोलता, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. नंबर पाठव, आणि त्याचंही सांग.