रिकामी खाट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तू ऑपरेशन थिएटरमध्ये बोलतोस तसाच इथेही बोलतोस आणि समोरच्याने फक्त हत्यार हातात द्यायचं असतं. म्हणून लिहितो आहे. "चांगला सर्जन सरळ आघाडीवर नेऊन बसवा, निम्मे जीव वाचतील," असं तू म्हणालास. ऐकायला पटतं. पण सैन्यातली वैद्यकीय व्यवस्था नेमकी उलट विचार करते, आणि ते समजायला मलाही बरीच वर्षं लागली.

तुझ्याकडे रुग्ण येतो तेव्हा निम्मी लढाई झालेली असते, हे आधी लक्षात घे. इराक-अफगाणिस्तानात 2001 ते 2011 या काळात लढाईत मेलेल्या 4,596 अमेरिकन सैनिकांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. त्यातले 87 टक्के कुठल्याही उपचारकेंद्रात पोचण्याआधीच गेले होते. या आधीच गेलेल्यांपैकी साधारण पाव वाचवण्याजोगे होते, आणि वाचवण्याजोग्यांमध्ये दहापैकी नऊ जण नुसत्या रक्तस्रावाने गेले. म्हणजे त्यांचा जीव सर्जनच्या हातात नव्हताच, तो शेजारी पडलेल्या शिपायाच्या हातात होता. म्हणून हल्ली प्रत्येक सैनिकाकडे टर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, असतं आणि ते एका हाताने, अंधारात, स्वतःच्याच पायावर आवळायची तालीम करून घेतात. एक बारीक नियम मला फार आवडतो: जखमीवर त्याच्याच प्रथमोपचाराच्या पाकिटातलं सामान वापरायचं, आपलं नाही. आपलं आपल्याला लागेल. टर्निकेट किती वाजता आवळलं तेही लिहून ठेवायचं, कारण दोन तासांनंतर रक्ताविना तो पायच धोक्यात यायला लागतो. आणि गोळीबार चालू असेल तर पहिला उपचार कोणता, सांग पाहू? उलट गोळीबार. जखमीला आडोशाला ओढता आलं तरच पुढचं वैद्यक.

त्याच्या मागे बटालियनचं मदत ठाणं, आपण ज्याला आरएपी (रेजिमेंटल एड पोस्ट) म्हणतो. तिथे एक डॉक्टर, काही सहायक, एखादी तंबूची कनात किंवा पडकं घर. श्वासनलिका मोकळी करणं, छातीत साठलेली हवा सोडणं, रक्त, ऊब, वेदनाशामक, बस. त्याच्या मागे शस्त्रक्रिया करू शकणारी छोटी तुकडी, त्याच्या मागे पूर्ण फील्ड हॉस्पिटल, आणि सगळ्यात मागे मायदेशातलं मोठं रुग्णालय. नाटोत यांना रोल 1 ते 4 म्हणतात. वेळेचं त्यांचं सूत्रही तोंडपाठ असतं: 10 मिनिटांत रक्तस्राव आणि श्वास आटोक्यात, 1 तासात प्रगत उपचार, 2 तासांत शस्त्रक्रिया.

तुझी जागा त्या दोन तासांच्या टोकाला. आणि तिथेही तुला मनासारखं ऑपरेशन करता येणार नाही! पोट उघडायचं, रक्त थांबवायचं, फाटलेलं आतडं बांधून घाण पसरणं थांबवायचं, आणि पोट तसंच उघडं ठेवून वर झाकण घालायचं. जोडाजोडी नाही. कारण रुग्ण थंड पडलेला, रक्त आम्ल झालेलं, गोठेनासं झालेलं. या तिघांनी एकमेकांचा हात धरला की सुंदर टाके घालूनही माणूस जातो. त्याला गरम करायचं आणि मागे पाठवायचं. उरलेलं काम दुसरा सर्जन दुसऱ्या गावात पूर्ण करेल. तुझ्यासारख्या हट्टी माणसाला हे जमेल का, मला शंका आहे.

मला तरी कुठे जमलं होतं? एका सरावात माझ्याकडे ठाणं दिलं होतं. खोटे जखमी, गळ्यात चिठ्ठ्या. मी प्रत्येकाला नीट तपासत बसलो, एकाला तर मागे पाठवायला मन होईना. तासाभरात सगळी स्ट्रेचरं भरली. पंच आला, नुसता आत बघितलं आणि म्हणाला, "तुमचं ठाणं बंद पडलं." मी म्हटलं, सगळे जिवंत आहेत की! तो म्हणाला, पुढचे बारा बाहेर झोपलेत. त्या दिवशी कळलं की या सगळ्या साखळीत सर्वांत महागडी वस्तू रिकामी खाट आहे.

ही अक्कल जुनीच आहे म्हणा. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे हलक्या घोडागाड्या घेऊन लढाई चालू असतानाच जखमी उचलायचा, आणि हुद्दा न बघता जखम बघायचा. अमेरिकन यादवीत तर गाड्या सर्जनांच्या ताब्यातच नव्हत्या. ऑगस्ट 1862 मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर जखमी कित्येक दिवस रणात पडून राहिले. त्याच महिन्यात उत्तरेच्या सैन्यातला वैद्यकीय अधिकारी लेटरमन याने गाड्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणायला सुरुवात केली, आणि सप्टेंबरात अँटिटमच्या लढाईत त्याच्या बाजूचे बहुतेक जखमी दुसऱ्या दिवसापर्यंत उचलले गेले. औषध नवं नव्हतं. गाडीचा मालक बदलला होता.

ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धाचीही एक गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवली होती. 1982 मध्ये एजॅक्स बे इथल्या बंद पडलेल्या मांस गोठवण्याच्या कारखान्यात ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर रिक जॉली यांचं इस्पितळ चालायचं, आणि इमारतीत दोन न फुटलेले बॉम्ब अडकलेले! शत्रूचे जखमीही तिथेच, त्याच रांगेत. जिनिव्हा करार तसंच सांगतो, गरज बघा, गणवेश नाही. जॉलींना पुढे ब्रिटननेही सन्मान दिला आणि अर्जेंटिनानेही.

आजाराची बाजू सांगायची राहिलीच. 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमीमागे 120 आजारी मागे पाठवावे लागत, असं तिथले ब्रिटिश सेनापती स्लिम यांनी नोंदवलं आहे. मग त्यांनी मलेरियाची गोळी ही डॉक्टरची नव्हे, कमांडरची जबाबदारी केली. अचानक तपासणीत गोळी घेणारे कमी सापडले म्हणून तीन कमांडिंग ऑफिसर घरी गेले.

आता हे सगळं सूत्र पुन्हा डळमळतं आहे. हेलिकॉप्टर निर्धास्त येईल या भरवशावर तो एक तास उभा होता. युक्रेनमध्ये ड्रोन डोक्यावर असताना हेलिकॉप्टर सोडा, दिवसा गाडीही पुढे जात नाही. जखमी तळघरात तास न् तास, कधी दिवसभरही थांबतो. दोन तासांपुरतं आवळलेलं टर्निकेट कोण सोडवणार, कधी सोडवणार, हे तिथल्या सहायकाला ठरवावं लागतं. तुझं म्हणणं काही अंशी खरं ठरेल ते अशाच ठिकाणी, हे मी मान्य करतो. पण तेव्हाही पुढे न्यायची पहिली गोष्ट सर्जन नसेल, रक्त असेल. पिशव्या संपल्या की चालत्या-बोलत्या माणसांची रक्तपेढी: ज्यांचा ओ गट आणि ज्यांच्या रक्तातली, दुसऱ्या गटाच्या रक्ताला भिडणारी प्रतिद्रव्यं कमी, अशांची यादी आधीच तयार असते, गरज पडली की तिथल्या तिथे रक्त काढून चढवतात.

बाय द वे, तुझा रक्तगट कोणता रे? इतक्या वर्षांत कधी विचारलाच नाही. ओ असलास तर आघाडीवर जायची तुझी हौस भागू शकेल.

वहिनींना नमस्कार.

तुझाच