प्रेडिक्टरचं ‘हमखास’ आणि कटऑफची यादी

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी तू पाठवलेली तिन्ही कॉलेज प्रेडिक्टरची, म्हणजे कुठलं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणाऱ्या साइट्सची, उत्तरं पाहिली. तुझं पर्सेंटाइल एकच, शाखा एकच, तरी पुण्यातलं तेच कॉलेज एका ठिकाणी ‘हमखास’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अवघड’. घाबरू नकोस. राज्यातले हे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या जुन्या कटऑफमध्ये, म्हणजे जागा शेवटी कितीवर मिळाली त्या आकड्यांमध्ये, तुझा आकडा कुठे बसतो, एवढंच या साइट्स बघतात. त्यांनी कुठली ओळ उचलली, त्यावर उत्तर फिरतं.

तुझ्याकडून चूक झालीय ती जिल्ह्याच्या रकान्यात. घर पुण्यात म्हणून तू पुणे भरलंस. पण होम युनिव्हर्सिटी, म्हणजे प्रवेशासाठी तू ज्या विद्यापीठाच्या हद्दीतली धरली जातेस ते, घरच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कुठून पास झालीस त्यावरून ठरते. तुझी बारावी लातूरची, म्हणजे तू नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दीतली. कटऑफच्या यादीत जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर बघ: एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यपातळी. पुण्यातल्या कॉलेजांत तुला एच नाही, ओ किंवा एसचीच ओळ वाचायची आहे. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वांसाठीची जागा, एल म्हणजे मुलींची. जी आणि एल, दोन्ही तुला चालतात. एका प्रेडिक्टरने मुलगा की मुलगी हे विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं ‘अवघड’ सोडून दे.

चॉईस कोडच्या, म्हणजे कॉलेजातल्या त्या शाखेच्या कोडच्या, शेवटी टी असेल तर ती फीमाफीची, टीएफडब्ल्यूएसची जागा. तिला उत्पन्नाची 8 लाखांची अट आहे आणि कटऑफही बहुधा चढा असतो. तो नेहमीच्या जागेच्या कटऑफमध्ये मिसळू नकोस.

तुलना पर्सेंटाइलशी नाही, मेरिट नंबरशी, म्हणजे गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाशी कर. परीक्षेला बसणारे वाढले की त्याच पर्सेंटाइलला नंबर मागे जातो. जागाही बदलतात. 2024-25पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उठवली. जिथे कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, तिथे त्याआधीचा कटऑफ धरून अंदाज बांधता येत नाही. आणि ज्या ओळीत एखाद-दोनच जागा असतात, तिथला आकडा दरवर्षी उड्या मारतो, त्याच्यावर विसंबू नकोस.

म्हणून सीईटी सेलच्या साइटवरून मागच्या दोन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ उतरवून घे. कॉलेज, चॉईस कोड, ओळीचा कोड, पहिल्या आणि शेवटच्या राऊंडचा मेरिट नंबर, असा तक्ता कर. प्रेडिक्टर फक्त नावं गोळा करायला वापर, आणि त्यासाठी फोन नंबर कुठेही देऊ नकोस.

फॉर्ममधल्या पर्यायांचा क्रम मात्र आवडीनेच लाव. वाटप तुझ्या मेरिट नंबरापाशी आलं की यादी वरून खाली तपासतात आणि शिल्लक असलेली पहिली जागा देतात. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालचं जात नाही. उलट धोका आहे तो ‘हमखास’ म्हणून नावडतं कॉलेज वर चढवण्यात. 2025मध्ये पहिल्या राऊंडला पहिला पर्याय, दुसऱ्याला पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला की जागा आपोआप फ्रीझ व्हायची, पुढच्या राऊंडचा रस्ता बंद. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत आधी वाच.

मेरिट नंबर लागला की तक्ता पाठव. पहिले सहा पर्याय आपण फोनवर एकेक करून बघू, मगच फॉर्म कन्फर्म कर.

तुझी,
आई