‘गायन की अभिनय? एकावर टिक करा’ : संस्कृतिमंत्र्यांना इंदूरहून खुले पत्र

मा. संस्कृतिमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. हिंदी प्रत टपालानं वेगळी रवाना केली आहे, तेव्हा भाषेची अडचण पडू नये. तरी मूळ मराठीतच लिहिलं, कारण ज्या गोष्टीसाठी लिहितोय तिला हिंदीत शब्द शोधता शोधता माझी अर्धी दुपार गेली. ‘संगीत नाटक’ म्हटलं की लोकांना दिल्लीची अकादमी आठवते, १९५३ ची. लहानपणी मीही ते नाव वाचून फसलो होतो. वाटायचं, वा, आपल्या किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ नाटकासाठी सरकारनं दिल्लीत एवढं मोठं ऑफिस काढलंय! तिथं संगीत आणि नाटक नुसते शेजारी बसलेत. आमच्याकडे ते एका ताटात जेवतात: जो नट बोलतो तोच बोलता बोलता गातो. माझी सगळी तक्रार या एका ताटाची आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. इथल्या एका हौशी मंडळात तीसेक वर्षं ऑर्गनची साथ करतो. ऑर्गन म्हणजे पायांनी भाता मारत वाजवायचा, तो जुना लाकडी. पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, बसत असल्यामुळे नाटक मला नेहमी खालून, नटांच्या पावलांच्या उंचीवरून दिसतं. गेली सहा वर्षं त्या पावलांत एका मुलीची पावलं आहेत. तिचं नाव लिहीत नाही. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन पुन्हा त्याच कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन उभं राहायचंय. तालमीत आम्ही तिला सुभद्रा म्हणतो, इथंही तेच चालवू.

सुभद्रा चोवीस वर्षांची. आठव्या वर्षापासून गाणं शिकतेय, कॉलेज झालं, विजयनगरला एका कंपनीत हिशेब बघते. साडेसहाला सुटते, स्कूटरवरून अख्खं शहर कापत साडेसातला रामबागेत तालमीला. ‘येऊन राहिले ना काका, दोन मिनिटं’ असं फोनवर म्हणते तेव्हा ती अजून पलासियालाच असते. पोटात ऑफिसच्या चहाशिवाय काही नाही. कुणी कचोरी पुढे केली तर ‘तळलेलं नको, गळा’ म्हणते आणि तिच्याकडे बघत बसते. इंदुरात राहून कचोरीला नाही म्हणणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

आता तिचं काम बघा. ‘येऊन राहिले’ म्हणणाऱ्या या मुलीला १८८२ सालचं ‘सौभद्र’ बोलायचं असतं. आमच्या इंदुरी पोरांचा ‘च’ हिंदीच्या संगतीनं सगळीकडे सारखाच झालाय; ‘चमचा’तला आणि ‘चार’मधला त्यांना वेगळा ऐकूच येत नाही. ‘ळ’ तर जिभेवर चढायच्या आत ‘ल’ होतो. बोलताना एक वेळ चालून जातं. पण पदात, म्हणजे नाटकातल्या गाण्यात, ‘ळ’वर आलाप असला आणि तो ‘ल’ झाला, की समोरच्या रांगेतल्या आजी लगेच शेजारणीकडे बघतात. सुभद्रेनं पहिले तीन महिने गाणं सोडून फक्त ‘ळ’ केला. स्कूटरवर, हेल्मेटच्या आत.

आणि हे सगळं गाण्याच्या आधीचं झालं. गाणं सुरू व्हायच्या क्षणाबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण माझ्या मते सगळं तिथंच आहे. कृष्णाचं पद काळी एकमध्ये, म्हणजे पुरुषाच्या खालच्या पट्टीत, झालेलं असतं. मग चार मिनिटं गद्य. त्या गद्यात सुभद्रा चिडते, रडते, दासीशी बोलते, आणि त्यातून तिला एकदम स्वतःच्या काळी चारच्या पट्टीत पद उचलायचं असतं. मैफलीत गायिकेच्या मागे तानपुरा असतो, ती डोळे मिटून षड्ज लावू शकते. इथं तानपुरा नाही, डोळे मिटायची सोय नाही, अंगावर नऊवारी आणि समोर नट. तिच्या शेवटच्या वाक्याखालून मी सूर देतो, इतका हळू की तो प्रेक्षकांपर्यंत जाऊ नये. ती तो ऐकते आणि गद्यातला शेवटचा शब्द त्या सुराच्या काठावर आणून ठेवते. तो शब्द धड बोललेला नसतो आणि अजून गायलेलाही नसतो. पद तिथून निघतं. सूर लवकर पकडला तर संताप खोटा वाटतो. संतापात राहिली तर सूर निसटतो. पद रंगून वन्स मोअर आला तर आणखी पंचाईत: आत्ताच पुसलेले डोळे पुन्हा पहिल्यापासून भरून आणायचे.

मंत्रीमहोदय, त्या क्षणी ती गात असते की अभिनय करत असते? मी तीस वर्षं पायाखाली बसून बघतोय, मला सांगता येत नाही. पण एका कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाबूंना सांगता येतं. तरुण कलाकारांच्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आम्ही गेलो होतो. ‘गायन है या अभिनय? एक पर टिक करो.’ सुभद्रा म्हणाली, ‘दोनों.’ बाबूंनी वरही न बघता सांगितलं, ‘दोनों का कॉलम नहीं है, बेटा.’ माणूस वाईट नव्हता. कॉलमच नव्हता, तो तरी काय करणार?

पहिल्या वर्षी तिनं गायनावर टिक केली. मुलाखतीत तिला ख्याल गायला सांगितला, तो तिनं चांगला गायला. मग म्हणाले, उपशास्त्रीय काही ऐकवा. तिनं नाट्यपद घेतलं. समितीतल्या एका गृहस्थांनी प्रेमानं सल्ला दिला की बेटा, गाना अच्छा है, हाथ कम हिलाओ, चेहरे पर इतना भाव मत लाओ. दुसऱ्या वर्षी अभिनयावर टिक. प्रवेश सुरू केला, गद्य संपलं, पदाची पहिली ओळ उचलली, तेवढ्यात ‘गाना नहीं, अभिनय दिखाइए’. तिनं ओठ मिटले. बाहेर येऊन मला म्हणाली, ‘काका, त्यांनी मला बरोबर मधोमध कापलं.’ हे कार्यालय कुणाचं, कुठलं, ते लिहीत नाही. आपल्या खात्याचं असेलच असंही नाही. रकान्याची ही रीत मात्र सगळीकडे सारखी.

आता इंदूरबद्दल दोन शब्द. लता मंगेशकर इथं जन्मल्या, २८ सप्टेंबर १९२९. त्यांच्या नावानं आपलं राज्य १९८४ पासून सुगम संगीताचा राष्ट्रीय सन्मान देतं. या लताबाई पहिल्यांदा लोकांसमोर आल्या त्या वडिलांच्या संगीत नाटकांतून. मास्टर दीनानाथांच्या कंपनीत नारदाचं काम करणारा नट आजारी पडला, तेव्हा एवढ्याशा लतानं नारद उभा केला, ही गोष्ट मराठी घरांत अजून सांगतात. १९४२ मध्ये दीनानाथ गेल्यावर घर चालवायला तिनं सिनेमात कामंही केली, गाणीही म्हटली. पुढं अभिनय सोडला तो मनापासून नकोसा होता म्हणून, हेही त्या स्वतःच सांगत. तेव्हा त्यांचं उदाहरण मी जास्त ताणत नाही. पण सुरुवातीला त्यांना कुणी एका चौकोनावर टिक करायला लावली नव्हती.

माझं खरं उदाहरण दुसऱ्या मुलीचं आहे. प्रमिला जाधव, जन्म इंदूर, १९२६. म्हणजे लताबाईंच्या तीनच वर्षं आधी, याच गावात. पुढं जयमाला शिलेदार म्हणून अवघ्या महाराष्ट्रानं तिला डोक्यावर घेतलं. स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांबरोबर ती रंगमंचावर उभी राहिली, जयराम शिलेदारांबरोबर १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि संगीत नाटकाचे वाईट दिवस आले तेव्हाही सोडली नाही. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेल्या. त्यांची मुलगी कीर्ती लहानपणापासून त्याच रंगमंचावर, २०१८ च्या नाट्यसंमेलनाची अध्यक्ष. त्याही २०२२ मध्ये गेल्या. गाऊन अभिनय करणाऱ्या बाईचं अख्खं आयुष्य कसं असतं हे ज्यांच्याकडे बघून शिकावं, त्या जयमालाबाई आपल्या गावच्या. लताबाईंचं नाव इंदुरात शेंबडं पोरही सांगेल. जयमालाबाई इथल्या, हे मी आमच्या मंडळात सांगितलं तर चौघांनी मोबाइलवर तपासून घेतलं.

आणि ही वाट काही फार जुनी नाही हो. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल आणलं तेव्हा शकुंतला पुरुषच होता. पुढची कितीतरी वर्षं नायिका म्हणजे बालगंधर्व. हिराबाई बडोदेकर रंगमंचावर आल्या, १९३३ मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या, तेव्हा कुठं बाईची भूमिका बाई गाऊ लागली. म्हणजे सुभद्रेच्या मागे जेमतेम तीन-चार पिढ्या. देवासला बसून कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या गायकीचा नव्यानं विचार केला, तो इथून पस्तीसेक किलोमीटरवर. माळव्याचं या गाण्याशी नातं नाही असं कुणी म्हणू नये.

आपण विचाराल, खुद्द महाराष्ट्रात हे नाटक किती चालतं? कमीच चालतं. खरं सांगायचं तर आमच्या प्रयोगालाही पांढरी डोकी जास्त, एक माझंच. पण इंदूरचा मराठी प्रेक्षक नाटकाला येत नाही हे खोटं. सानंद न्यास ही इथली संस्था पुण्या-मुंबईची नाटकं आणते, तेव्हा एकेका नाटकाचे पाच प्रेक्षकगटांसाठी पाच खेळ लावावे लागतात. पाहणारे आहेत. इथलं कुणी तयार होण्याची व्यवस्था नाही, एवढंच.

कारण पैशाचं गणित. कुठल्याही संस्थेला ‘नाट्यगीतांची संध्याकाळ’ परवडते: दोन गायक, पेटी, तबला, एक निवेदिका, दहा पदं, साडेनऊला घरी. पूर्ण नाटकाला पंधरा माणसं, कपडेपट, रंगभूषा, नेपथ्य आणि एक रंगीत तालीम, जिच्यासाठी सभागृहाचं भाडं प्रयोगाइतकंच भरावं लागतं. म्हणून सुभद्रेला बोलावणी येतात ती त्या संध्याकाळींची. तिथं ती माइकसमोर उभी राहून पद म्हणते, टाळ्या पडतात, आणि त्या चार मिनिटांच्या गद्याची सवय दर वेळी थोडी थोडी सुटत जाते. एकदा अशा कार्यक्रमानंतर तिनं पाकीट माझ्यासमोर उघडलं. पाचशे एक रुपये आणि एक गुलाब. ‘गुलाब चांगला आहे,’ म्हणाली. घरी स्थळं बघणं चालू आहे. बघायला आलेल्या एका मंडळींनी विचारलं, ‘गाते ते ठीक, पण नाटकातही काम करते का?’ म्हणजे टिक करायला लावणारे तिथंही होतेच.

माझं मागणं मोठं नाही. अर्जात एक रकाना वाढवा: संगीत नाटक. निवड समितीत असा एक तरी माणूस असू द्या, ज्यानं पद आणि गद्य यांच्या मधला तो क्षण कधी जवळून पाहिलाय. पाच मिनिटांचा प्रवेश बघा, त्यात बोलणंही हवं आणि गाणंही, मध्येच थांबवू नका. महाराष्ट्र शासन हौशी संगीत नाटकांची राज्य स्पर्धा गद्य नाटकांपासून वेगळी घेतं. त्यांच्याकडे तो रकाना आहे, नियमही तयार आहेत, मागवून घेता येतील.

मग जमलं तर एक शिबिर. आपल्याकडे ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमरांच्या नावाचं संगीत आणि कला विद्यापीठ आहे, भोपाळला २०११ पासून नाट्य विद्यालय आहे, आणि मराठी साहित्य अकादमीही आपल्याच छत्राखाली. तिघांनी मिळून वर्षातले पंधरा दिवस इंदुरात एखाद्या जाणत्या गायक-अभिनेत्रीला बोलवावं. तिनं आमच्या मुलींना पदं शिकवू नयेत, ती यूट्यूबवर सापडतात. पदराचं काय करायचं, गाताना उठायचं कधी, समोरचा नट चुकीच्या पट्टीत बोलत असेल तर आपला षड्ज कसा सांभाळायचा, हे शिकवावं. ते कुठं रेकॉर्ड झालेलं नाही.

आणि रंगीत तालमीच्या दिवसाचं सरकारी सभागृहांचं भाडं निम्मं करावं. ऑर्गनबद्दल मी काही मागत नाही. त्याचे खर्जातले दोन सूर मुके आहेत, दुरुस्त करणारा इथं कुणी उरला नाही, मी ते टाळून वाजवतो. सुभद्रेला माहीत आहे; तिथं आलं की ती जरा जास्त भरून गाते.

अर्जाची मुदत पुन्हा पुढल्या महिन्यात आहे. या वेळी ती दोन्ही चौकोनांवर टिक करणार म्हणते, मी अडवलेलं नाही. अर्ज बाद होऊन आपल्यापर्यंत आलाच तर ओळखू येईल.

आमचा पुढचा प्रयोग ठरला की पत्रिका पाठवतोच. पुढच्या रांगेत सोफा असतो, पण आपण तिथं बसू नये. पिटालगत, ऑर्गनच्या डाव्या हाताला एक खुर्ची ठेवून घेतो. दुसऱ्या अंकात मी भाता हळू केला की तिच्या तोंडाकडे बघा.

आपला,
इंदूरचा एक ऑर्गनवाला