आयक्यूचा आकडा कुठल्या तक्त्यावरचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला कोरियन लोकांच्या हुशारीवरचा लेख वाचला आणि फार राग आला. देशोदेशीच्या आयक्यूची यादी छापलीत, पण ते आकडे कुणाच्या नॉर्म्सवर, म्हणजे कुठल्या लोकांच्या मार्कांवरून बनवलेल्या तक्त्यावर, काढलेत याची एक ओळ नाही. अहो, कोरियात मोठ्यांसाठी वेक्स्लर टेस्ट (आयक्यू मोजायची चाचणी) १९६३ला तिथल्या लोकांसाठी बसवली, मग १९९२ला आणि २०१२ला परत, शेवटच्या वेळी १६ ते ६९ वयाच्या १२२८ जणांची टेस्ट घेऊन नवे तक्ते केले. त्या तक्त्यावर कोरियन माणसांची सरासरी १००च येणार, तक्ता बेततातच तसा.

माझी भावजय कोरियन, सुवॉनची. तीन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडली, डोक्याला मार लागला. सगळे हिशोब तोंडी करणारी बाई, ती भाजीवाल्याकडे सुटे मोजताना अडायला लागली, गॅसवर दूध ठेवून विसरायची. इथल्या एका हॉस्पिटलात टेस्ट झाली, ऐकून परत म्हणायचे आकडे भावाने कोरियनमध्ये वाचून दाखवले आणि मार्क बघितले अमेरिकन तक्त्यात! रिपोर्ट आला की वर्किंग मेमरी (ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायची ताकद) सरासरीपेक्षा चांगली आहे, टेन्शनमुळे होतंय. आता कोरियन आकडे इल, ई, साम, सा, ओ, नऊपर्यंत सगळे एका झटक्यात म्हणून होणारे, त्यामुळे तिथली साधी माणसंसुद्धा लांबलचक आकडे ऐकून परत म्हणतात, मग अमेरिकन लोकांशेजारी बसवलं की बिघडलेली मेमरीपण छानच दिसणार ना. आठ महिन्यांनी ती माहेरी गेली, तिथे कोरियन नॉर्म्सवर तिच्या वयाच्या माणसांच्या मानाने बरीच खाली निघाली आणि लगेच थेरपी सुरू झाली. तोपर्यंत आम्ही तिला 'लक्ष कुठे असतं तुझं' म्हणून बोलत होतो, आई तर रोज. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही, कामतांनी बिनेची आयक्यू टेस्ट मराठी-कन्नडमध्ये आणली, मालिन यांनी नागपुरात मुलांची वेक्स्लर टेस्ट आपल्या मुलांसाठी बसवली.

आणि दर आठवड्याला 'तुमचा आयक्यू तपासा' म्हणून दहा कोडी देता, खाली नऊ बरोबर म्हणजे १४० असं लिहिता, ते कृपा करून बंद करा. माझा भाचा दहावीत आहे, चारच बरोबर आली म्हणून दिवसभर जेवला नाही.

त्या यादीतले आकडे कुठल्या नॉर्म्सवरचे होते ते पुढच्या अंकात छापाल ही विनंती.

आपली एक नियमित वाचक, पुणे
(नाव छापू नये)