मंत्रिमहोदय, हे डांबर नक्की कोणत्या गावासाठी होतं?

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

पत्र नातवाकडून लिहून घेतोय, कारण माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांच्या, चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला चक्कीवरून दळण घेऊन येत होतो. आमच्या चौकातल्या सिग्नलच्या अलीकडे ट्रक उभे राहून राहून चाकांच्या ओळीतलं डांबर खचलं आहे आणि मधोमध वरंबा उठला आहे. त्या चाकोरीत गाडीचं पुढचं चाक शिरलं ते बाहेर निघेना. मी पडलो, दहा किलो पीठ पडलं. उठायला डावा हात टेकला तर तळवा डांबरात चिकटला. पंक्चरवाल्या पोराने ओढून सोडवला तेव्हा थोडी कातडी तिथेच राहिली. ती अजूनही तिथे असेल, पाहणी करायची असल्यास.

हा तोच रस्ता, ज्याच्यावर आपण गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नारळ फोडून "पाच वर्षं खड्डा दिसणार नाही" असं सांगितलं होतं. शब्द पाळलात. खड्डा नाहीच, नाली आहे.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. डांबर वितळवणं, वाट्या भरणं, मुलांच्या जर्नलवर सह्या घेणं, हेच आयुष्य. आमच्या वेळी डांबराची प्रत सुईने ठरायची. २५ अंशांच्या पाण्यात वाटी ठेवायची, १०० ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंद सोडायची, किती रुतली ते मोजायचं. रुतण्यावरून नाव: ६०/७०, ८०/१००. आता सांगा, नागपुरात २५ अंश म्हणजे काय? डिसेंबरातली दुपार, अंगात स्वेटर. त्या तापमानाला शहाण्यासारखं वागणारं डांबर मे महिन्यात काय करेल, हे सुई सांगत नव्हती. म्हणूनच २००६ मध्ये मानक बदललं. ६० अंशांना डांबर किती घट्ट राहतं त्यावर व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजे घट्टपणाची प्रत) १०, २०, ३०, ४० अशा प्रती आल्या; आकडा मोठा तितकं डांबर घट्ट. ६० का? तर उन्हाळ्यात रस्ता तेवढा तापतो. हवेपेक्षा पंधरा-वीस अंश जास्त.

२०१३ च्या मानकात तर पोराटोरांना कळेल असा तक्ता आहे. ओळीने सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी घ्या. ३० च्या खाली असेल तर व्हीजी-१०, ३८ पर्यंत व्हीजी-२०, ४५ पर्यंत व्हीजी-३०, त्याच्या वर व्हीजी-४०. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता. २०२४ च्या मे महिन्यात तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ दाखवले. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. यंत्रालासुद्धा चक्कर आली म्हणायची.

प्लास्टरचा हात घेऊन मी कार्यालयात गेलो. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण रस्ता आपला नाही असं तीन कार्यालयांनी सांगितलं आणि चौथ्याने चहा पाजला. तिथले तरुण अभियंते म्हणाले, "काका, सात दिवसांची सरासरी ४४ पॉइंट काहीतरी येते. व्हीजी-३० नियमात बसतं." वा! म्हणजे माझं मनगट दशांश चिन्हाच्या उजवीकडे मोडलं. अहो, तक्ता हवेचा आहे. सिग्नलवर भरलेला ट्रक दोन मिनिटं उभा राहतो तो कोणत्या रकान्यात? उभ्या आणि सावकाश चालणाऱ्या वजनाखाली डांबर जास्त दबतं, तिथे एक प्रत वर जायचं किंवा पॉलिमर घातलेलं डांबर घ्यायचं, हे दुसऱ्या वर्षाची मुलं तोंडी परीक्षेत सांगायची. आणि ते व्हीजी-३० तरी होतं का? नातवाच्या मित्राकडचं इन्फ्रारेड थर्मामीटर लावून पाहिलं, रस्ता ६३ अंश. चपलेचा ठसा उमटत होता, अंगठ्यासकट.

बरं, टाकलं कधी? अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात, रात्री. हवा १० अंशांच्या खाली असेल तर डांबरीकरण थांबवायचं असतं. आणि याच शहरात डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश नोंदले गेलेत. त्या रात्री मजूर शेकोटीभोवती बसले होते आणि रोलर गार झालेल्या मालावरून फिरत होता. अशी दबाई काय होणार, बाप्पा! पण सकाळी ताफा जायचा होता.

कधीकधी वाटतं, चूक आमचीच, आम्ही या गावात जन्मलो. देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा १९४३ मध्ये इथेच ठरला, 'नागपूर प्लॅन' म्हणून तो अजूनही शिकवतात. देशातल्या रस्त्यांचा विचार करणारी पहिली समिती १९२७ ची, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, मराठी माणूस. २०२२ मध्ये अमरावती-अकोल्याकडे ७५ किलोमीटर डांबर १०५ तासांत अंथरून गिनीज विक्रम केला. म्हणजे येतं सगळं. आमच्या ४०० मीटरलाच काय साडेसाती लागते? तक्रार केली की मोबाइलवर येतं, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे." सर्वांत कमी दराची निविदा, त्याहून कमी दराचा पोटठेकेदार, आणि मोजमाप वहीत सगळं सरळ. फार ओरडलं तर सिमेंट रस्ता करू म्हणतात. पलीकडच्या लेआउटमध्ये केला. रस्ता घरांपेक्षा वर गेला, आता पावसाचं पाणी लोकांच्या देवघरात येतं. डांबर नीट निवडता येत नाही म्हणून डांबरच नको, असा न्याय.

मागणं फार नाही. त्या रस्त्याचा एक तुकडा कापून काढा, डांबर वेगळं करा आणि तपासा. फलकावर ठेकेदाराचं नाव असतं, तुमचा फोटो असतो. तिथे डांबराची प्रत आणि दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत संपण्याची, तारीखही लिहा. फोटो लहान केला तर जागा होईल.

आपला,
चौकातला एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नागपूर

ता. क. पत्र पुरं होताना आजच सकाळी माणसं आली आणि पाझरलेल्या डांबरावर चुरी पसरून गेली. दुपारपर्यंत दोघे घसरून पडले. एक तोच पंक्चरवाला पोरगा.